तणावर बुरशीचा उतारा, पण हवामानाची साथ हवी

साखरखेर्डा (ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा) : मृगाच्या सरी बरसल्या की या भागातील काळ्या जमिनीत सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या बरोबरीने तणही डोके वर काढते. बांध, पांदण रस्ते, गावठाणाची मोकळी जागा आणि पडीक रान गाजरगवताने व्यापून जाते. निंदणीला मजूर मिळणे कठीण झाले आहे. मिळाले तरी मजुरी परवडत नाही आणि रासायनिक तणनाशकांचा खर्चही हलका नाही. अशा वेळी तणालाच रोग लावून ते मारणारी बुरशी ही कल्पना शेतकऱ्याला मोह घालणारी आहे. ही कल्पना खोटी नाही. गेल्या साठ वर्षांत जगात काही ठिकाणी ती यशस्वीही झाली आहे. मात्र प्रयोगशाळेत तण हमखास वाळवणारी बुरशी शेतात गेल्यावर निष्प्रभ का ठरते, याचे उत्तर बुरशीपेक्षा हवामानात अधिक दडलेले आहे. पानावर ओल किती तास टिकते आणि त्या तासांत पारा किती असतो, यावर हा सारा खेळ अवलंबून असतो.

तणांनाही रोग होतात

गव्हावर तांबेरा येतो, कांद्यावर करपा पडतो, हरभरा मर रोगाने जातो, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. या रोगांच्या मुळाशी बुरशी असते. पिकांना जसे हे रोग होतात, तसेच तणांनाही होतात. त्यातील एखाद्या विशिष्ट तणावरच जगणारी किंवा त्या तणावर अधिक तीव्रतेने पडणारी बुरशी शोधून तिचा मुद्दाम वापर करणे, यालाच बुरशीद्वारे तणांचे जैविक नियंत्रण म्हणतात.

याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत परदेशातून आलेल्या तणाच्या मूळ प्रदेशातून त्याचा शत्रू आणला जातो. तो एकदा सोडला की स्वतःच्या बळावर वाढावा आणि पसरावा, अशी अपेक्षा असते. तांबेऱ्याच्या बुरशी यासाठी पसंत केल्या जातात, कारण त्यांचे बीजाणू वाऱ्यावर दूर जातात आणि त्या सहसा एखाद-दुसऱ्या वनस्पतीवरच जगतात. दुसऱ्या पद्धतीत स्थानिक बुरशी मोठ्या प्रमाणावर वाढवून तिचे बीजाणू तणनाशकासारखे फवारले जातात. पहिल्या पद्धतीत बुरशीला वर्षानुवर्षे त्या प्रदेशातील ऋतू सोसावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत तिला फवारणीनंतरची एक-दोन रात्रींची अनुकूलता पुरते. पण ती अनुकूलता नेमकी त्याच वेळी मिळावी लागते.

निर्णायक ठरतात ते ओलाव्याचे तास

बुरशीचा बीजाणू पानावर पडला म्हणजे रोग झाला, असे होत नाही. बीजाणू हे एक प्रकारचे बी आहे आणि बियाण्याप्रमाणेच त्याला रुजण्यासाठी पाणी लागते. बहुतेक रोगकारक बुरशींना हवेतील दमटपणा पुरत नाही. पानाच्या पृष्ठभागावर दवाचा किंवा पावसाचा पातळ थर प्रत्यक्ष असावा लागतो. त्या पाण्यात बीजाणूला कोंब फुटतो. कोंब पानावर सरकत जातो, पकड घेतो आणि पानाच्या रंध्रातून किंवा थेट त्वचा भेदून आत शिरतो. आत शिरल्यावर त्याला पानातील ओलावा मिळतो आणि बाहेरच्या कोरडेपणाचे भय उरत नाही.

या प्रवासाला काही तास लागतात. काही बुरशींना पाच-सहा तास पुरतात, काहींना दहा-बारा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ हवा असतो. हा वेळ पूर्ण होण्याआधी दव वाळले, तर फुटलेला कोंब सुकून जातो. कोंब न फुटलेला बीजाणू दुसऱ्या रात्रीची वाट पाहू शकतो. कोंब फुटल्यावर मात्र मागे फिरण्याची सोय नसते. त्यामुळे अर्धवट ओली रात्र ही पूर्ण कोरड्या रात्रीपेक्षाही घातक ठरू शकते.

दव पडण्याचे गणितही शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवेत पुरेशी वाफ असेल, तर जमिनीची व पानांची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि दव साचते. वारा सुटला की ते पडत नाही किंवा लवकर उडून जाते. ढग असले की पाने फारशी थंड होत नाहीत आणि दव कमी पडते. मात्र झिमझिम पाऊस असेल तर पाने दिवसाही ओली राहतात. जोराचा पाऊस उलट परिणाम करतो आणि नुकतेच फवारलेले बीजाणू धुऊन नेतो. सूर्य वर आला की ओल जाते आणि अतिनील किरणांनी उघड्यावरचे अनेक बीजाणू मरतात. अशा बुरशीची फवारणी सकाळी न करता सूर्यास्ताच्या सुमारास करावी, असे सांगितले जाते ते याच कारणाने.

प्रत्येक बुरशीचा पारा वेगळा

ओलाव्याइतकेच महत्त्व तापमानाला आहे. या दोहोंचा विचार वेगवेगळा करता येत नाही. तापमान अनुकूल असेल तर बीजाणू लवकर रुजतो आणि कमी तासांच्या ओलाव्यातही काम भागते. तापमान प्रतिकूल असेल तर तेवढ्याच कामाला दुप्पट वेळ लागतो आणि तोवर पान वाळून जाते. म्हणूनच ‘अमुक अंशाला बुरशी वाढते’ एवढ्या माहितीवर शेतातील निकालाचा अंदाज बांधता येत नाही. पान ओले असलेल्या तासांतील तापमान महत्त्वाचे असते आणि हे तास बहुधा रात्रीचे असतात. दुपारचा पारा ३० अंशांवर असला, तरी बुरशीच्या दृष्टीने पहाटेचा आकडा मोलाचा ठरतो.

आत शिरल्यानंतरही हवामानाचा संबंध संपत नाही. पानात वाढून नवे बीजाणू तयार करण्यास तांबेऱ्याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. हे नवे बीजाणू शेजारच्या झाडांवर पडून पुन्हा रुजण्यासाठी पुन्हा ओल्या रात्री लागतात. एका हंगामात अशी आवर्तने एकामागून एक घडली, तरच रोगाची साथ येते आणि तण खरोखर दबते. एखाद-दुसरे आवर्तन झाले तर पानांवर डाग दिसतात, पण झाड फुलते आणि बीही धरते.

गाजरगवत आणि त्याचे दोन तांबेरे

या सर्व गोष्टी गाजरगवताच्या उदाहरणातून स्पष्ट होतात. मेक्सिको व अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातले हे तण पुण्यात १९५५ मध्ये आढळले आणि त्यानंतर देशभर पसरले. ‘पीएल-४८०’ करारातील अमेरिकी गव्हाबरोबर ते आले, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात भारताचा तो करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. त्यामुळे पुण्यातील पहिल्या झाडांचे खापर तरी त्या गव्हावर फोडता येत नाही. एक चांगले वाढलेले झाड हजारो बिया देते. त्याच्या संपर्काने अनेकांना त्वचेची खाज व दाह होतो, तर परागकणांमुळे श्वसनाचा त्रास होतो.

मेक्सिकोत या तणावर तांबेऱ्याच्या दोन बुरशी आढळतात. त्यांतील ‘पक्सिनिया अब्रप्टा’ ही ‘हिवाळी तांबेरा’ म्हणून ओळखली जाते, तर ‘पक्सिनिया झँथी’ या बुरशीचा गाजरगवतावरील प्रकार ‘उन्हाळी तांबेरा’ म्हणून ओळखला जातो. हिवाळी तांबेऱ्याचे बीजाणू सुमारे १२ अंश सेल्सिअसला सर्वाधिक रुजतात आणि त्या तापमानाला पान किमान पाच-सहा तास ओले राहावे लागते. पारा वीस अंशांच्या पुढे गेला की त्याचा जोर ओसरत जातो. उन्हाळी तांबेऱ्याला तुलनेने उबदार रात्री चालतात. मात्र ओलाव्याची गरज त्यालाही आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात गाजरगवताने कुरणे गिळायला सुरुवात केल्यावर तेथे १९९१ मध्ये हिवाळी तांबेरा सोडण्यात आला. तो तगला, पण त्याचा उपद्रव तुरळकच राहिला. तेथील गाजरगवत प्रामुख्याने उन्हाळी पावसावर वाढते आणि त्या काळात रात्री या बुरशीला मानवतील इतक्या थंड नसतात. थंडी पडते तेव्हा ओलावा कमी असतो. हा अनुभव घेतल्यावर १९९९-२००० च्या सुमारास उन्हाळी तांबेरा सोडण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतही हाच उन्हाळी तांबेरा २०१० मध्ये सोडण्यात आला. इथिओपियात हिवाळी तांबेरा आपोआप पोहोचला. तेथे तो प्रामुख्याने सुमारे १,४०० मीटरपेक्षा उंच, थंड भागात आढळतो. तण तेच आणि बुरशीही तीच. फरक आहे तो उंचीने बदललेल्या हवेचा.

भारतातही हिवाळी तांबेरा नवा नाही. १९८० च्या दशकात बेंगळुरू व तमिळनाडूतील होसूर परिसरात त्याची नोंद झाली. दक्षिणेच्या पठारावर थंड, दवाच्या रात्री मिळतात तेथे तो दिसतो, पण गाजरगवताला आवर घालण्याइतका तो वाढलेला नाही.

जगाचा अनुभव काय सांगतो?

सोयाबीन उत्पादकांना जवळचे वाटावे असे उदाहरण चीनचे आहे. तेथे १९६३ मध्ये ‘लुबाओ’ नावाची बुरशी सोयाबीनवरील अमरवेल मारण्यासाठी वापरात आली. ही ‘कोलेटोट्रायकम’ या करपा आणणाऱ्या गटातील बुरशी होती. सुरुवातीचे निकाल चांगले होते. पुढे वारंवार वाढवताना मूळ वाणाची मारक शक्ती घटली आणि नवा वाण निवडावा लागला. बुरशी हा सजीव आहे आणि तिचे गुण रसायनासारखे स्थिर राहत नाहीत, हा धडा त्यातून मिळाला.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात १९८२ मध्ये भातातील एका द्विदल तणासाठी ‘कोलेगो’ हे बुरशीचे उत्पादन नोंदले गेले. त्याचे यश लक्षणीय होते आणि त्यामागे भातशेतीची परिस्थिती होती. पाणी भरलेल्या बांध्या, पानांभोवती कायम दमट हवा आणि उबदार रात्री तेथे मिळत. या बुरशीला सुमारे २८ अंश तापमान आणि बारा तासांच्या आसपास ओलावा मानवतो. हे दोन्ही तेथे सहज उपलब्ध होते. हीच बुरशी कोरडवाहू रानात फवारली असती, तर निकाल वेगळा लागला असता.

फ्लोरिडातील संत्रा-मोसंबीच्या बागांत वेलवर्गीय तणासाठी १९८१ मध्ये ‘डिव्हाइन’ हे उत्पादन आले. त्यातील ‘फायटोफ्थोरा’ हा बुरशीसदृश जीव ओलिताखालच्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहिला आणि तण मारत राहिला. शेतकऱ्याला पुन्हा खरेदीची गरजच फारशी उरली नाही. परिणामी उत्पादन उत्तम असूनही त्याची बाजारपेठ आटली.

ऑस्ट्रेलियाच्या गहू पट्ट्यात ‘स्केलेटन वीड’ या तणावर १९७१ मध्ये भूमध्य सागरी प्रदेशातून आणलेला तांबेरा सोडण्यात आला. तण व बुरशी यांचा मूळ प्रदेश आणि नवा प्रदेश यांचे हवामान मिळतेजुळते असल्याने तो वेगाने पसरला आणि या तणाचा अरुंद पानांचा प्रकार त्याने नामोहरम केला. मात्र रुंद पानांचे प्रकार त्याला बळी पडले नाहीत आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढू लागले. क्वीन्सलँडमध्येच १९७० च्या दशकात आपोआप पोहोचलेल्या आणखी एका तांबेऱ्याने जनावरांच्या केसांना चिकटणाऱ्या शंकेश्वराच्या जातीला दमट किनारी भागात जेरीस आणले. आतल्या कोरड्या भागात मात्र त्याला तसे यश आले नाही. एकाच प्रांतातील हा फरक पावसाचा आहे.

भारताचा स्वतःचा अनुभवही बोलका आहे. आसाम आणि केरळमधील चहाचे मळे व बागायतीत माजलेल्या ‘मिकानिया’ या वेलीवर ‘पक्सिनिया स्पेगाझिनी’ हा तांबेरा आणण्यात आला. वनस्पतींवरील चाचण्या आणि विलगीकरण पूर्ण करून तो २००५ मध्ये आसामात व २००६ मध्ये केरळात सोडला गेला. काही पिढ्या तो तगला, पण कायमचा रुजला नाही. तैवान, पापुआ न्यू गिनी आणि फिजी येथे मात्र तोच तांबेरा स्थिरावला. बुरशी सोडण्याचा हंगाम, नंतरचा कोरडा काळ आणि तणाच्या स्थानिक वाणाची प्रतिकारशक्ती यांचा विचार किती आवश्यक आहे, हे यातून दिसून येते.

देशी बुरशींचा शोध

परदेशी तांबेऱ्यांबरोबरच गाजरगवतावर येथेच सापडणाऱ्या बुरशींचाही अभ्यास झाला आहे. जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठात ‘फ्युजॅरियम’, ‘फोमा’ आणि ‘स्क्लेरोशियम’ या गटांतील बुरशींवर काम झाले. कुरुक्षेत्र विद्यापीठात ‘अल्टरनेरिया’ गटातील बुरशीचा अभ्यास झाला. जलपर्णीवरील ‘अल्टरनेरिया आयकॉर्नी’ ही बुरशी तर १९७० मध्ये भारतीय अभ्यासकांनीच जगासमोर आणली. या बुरशी तांबेऱ्यापेक्षा अधिक उष्णता सहन करतात आणि कृत्रिम खाद्यावर, अगदी तांदूळ वा गव्हाच्या कोंड्यावरही वाढवता येतात. तांबेऱ्याची बुरशी जिवंत झाडाशिवाय वाढत नाही, ही तिची मोठी अडचण आहे.

मात्र या सोयीबरोबर धोकाही येतो. ‘स्क्लेरोशियम रॉल्फसी’ ही बुरशी गाजरगवत मारते, तशीच ती भुईमूग, सोयाबीन व हरभरा यांच्या बुडाशी कूज निर्माण करते. जी बुरशी उष्ण, ओल्या हवामानात तणावर जोमाने वाढते, ती त्याच हवामानात शेजारच्या पिकावरही वाढू शकते. म्हणून प्रयोगशाळेतील यश हे शेतासाठीची शिफारस ठरत नाही.

साखरखेर्डा परिसराचे वर्ष

या निकषांवर साखरखेर्डा परिसराचे वर्ष तपासले, तर चित्र स्पष्ट होते. जून ते सप्टेंबर हा येथील पावसाचा काळ. जिल्ह्याच्या या भागात वर्षाकाठी साधारण सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक वाटा या चार महिन्यांतच येतो. गाजरगवताचा मुख्य जोरही याच काळात असतो. रात्री वीस अंशांच्या वर असतात. त्यामुळे हिवाळी तांबेऱ्याला हा काळ निरुपयोगी ठरतो. उष्णता सोसणाऱ्या ‘अल्टरनेरिया’, ‘फ्युजॅरियम’ किंवा ‘कोलेटोट्रायकम’ गटातील बुरशींना मात्र हाच हंगाम योग्य. अडचण आहे ती पावसाच्या खंडाची. विदर्भात पावसाची दोन-तीन आठवड्यांची उघडीप नवी नाही. फवारणीनंतर असा खंड पडला, तर पहिले आवर्तनच फसते.

ऑक्टोबरमध्ये पावसाळा संपून दुपारचे ऊन तापते आणि पाने सकाळी लवकर वाळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्रीचा पारा बारा-पंधरा अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो आणि दव पडते. तापमानाच्या दृष्टीने हिवाळी तांबेऱ्याला हाच काळ मानवणारा आहे. पण तेव्हा कोरडवाहू रानातील बहुतेक गाजरगवत वाळलेले असते. ते उरते ते विहिरीच्या पाटालगत, गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या कडेला आणि गावातील सांडपाण्याच्या नाल्यांवर. म्हणजे बुरशीला अनुकूल रात्री असतात, पण तिला साखळीने पसरायला लागणारी दाट वाढ नसते. मार्च ते मे हा काळ तर बुरशीच्या दृष्टीने उपवासाचाच. चाळीस अंशांच्या पुढील उन्हात, कोरड्या हवेत, हिरवे तणही विरळ असताना तांबेऱ्याला पुढील हंगामापर्यंत जीव धरून राहणे कठीण जाते.

याचा अर्थ असा, की या परिसरात एकाच बुरशीने वर्षभर काम करावे, ही अपेक्षा चुकीची ठरेल. पावसाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरी, अशी योजनाच तर्काला धरून आहे. गाजरगवत खाणारे ‘मेक्सिकन भुंगे’ हे या योजनेतील आणखी एक साधन. १९८३ मध्ये मेक्सिकोतून बेंगळुरूत आणलेले आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडलेले हे भुंगे पावसाळ्यात पाने फस्त करतात आणि पाऊस सरल्यावर जमिनीत सुप्तावस्थेत जातात. त्यांची विश्रांती ज्या महिन्यांत सुरू होते, त्याच महिन्यांत थंडीप्रिय तांबेऱ्याची वेळ येते.

कृत्रिम दवाचे प्रयत्न

निसर्गाने दव दिले नाही, तर ते बीजाणूभोवती निर्माण करता येईल का, या दिशेने संशोधकांनी बरेच काम केले आहे. बीजाणू साध्या पाण्याऐवजी तेल व पाण्याच्या मिश्रणात फवारले, तर तेलाचा थर बाष्पीभवन रोखतो आणि बीजाणूला अधिक वेळ ओल मिळते. जलपर्णीवरील ‘अल्टरनेरिया’ बुरशीबाबत इजिप्तमध्ये सरकीच्या तेलाचे मिश्रण वापरून दवाची गरज कमी करता येते, असे दिसून आले. पाणी धरून ठेवणारे चिकट पदार्थ, अतिनील किरण अडवणारे घटक, तसेच बुरशी बंदिस्त केलेले दाणेदार खत जमिनीत देणे, हेही मार्ग तपासले गेले. काही ठिकाणी तणनाशकाची अल्प मात्रा देऊन तण अशक्त करायचे व मग बुरशी सोडायची, असाही प्रयोग होतो.

या उपायांना मर्यादा आहेत. दाट तेलकट मिश्रण साध्या पाठीवरच्या पंपाच्या नोझलमधून नीट फवारले जात नाही. तेलाची मात्रा जास्त झाल्यास पिकाची पाने करपतात आणि खर्चही वाढतो. जमिनीतून दिल्या जाणाऱ्या बुरशीला दवाची काळजी नसते. मात्र तेथे ओल, सेंद्रिय पदार्थांचे प्रमाण आणि आधीच ठाण मांडून बसलेले इतर सूक्ष्मजीव यांच्याशी तिला सामना करावा लागतो. काळी जमीन ओल दीर्घकाळ धरते, ही जमेची बाजू. पण तीच जमीन उन्हाळ्यात भेगाळून वाळते, तेव्हा तिच्यातील बुरशीची संख्या घटते.

बाटलीवर विश्वास ठेवण्यापूर्वी

कृषी सेवा केंद्रांत आज ट्रायकोडर्मा, ब्युव्हेरिया, मेटारायझियम आदी उपयुक्त बुरशींची उत्पादने मिळतात. ती रोग व किडींसाठी आहेत, तणांसाठी नव्हेत. ट्रायकोडर्मा जमिनीतील रोगकारक बुरशीला रोखते, तर ब्युव्हेरिया व मेटारायझियम किडींना रोगग्रस्त करतात. त्यांची फवारणी केल्याने गाजरगवत मरत नाही. कोणतेही जैविक कीटकनाशक वा तणनाशक विकण्यासाठी कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी आवश्यक असते. ‘बुरशीचे तणनाशक’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर वेष्टनावरील नोंदणी क्रमांक, कोणत्या तणासाठी नोंदणी आहे आणि वापराची अंतिम तारीख या तीन बाबी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

साठवणुकीचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. बाटलीत किंवा पाकिटात जिवंत बीजाणू असतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात वा मालवाहू वाहनात ते तापले, तर हंगामापूर्वीच त्यातील मोठा वाटा मरून जातो. वेष्टन तसेच दिसते, पण गुण उरत नाही. शेतात निकाल मिळाला नाही की दोष तंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात बुरशी शेतापर्यंत जिवंत पोहोचलेलीच नसते.

रोगट गाजरगवत गोळा करून, ते पाण्यात भिजवून त्याचा अर्क शेतात शिंपडण्याचा मार्गही टाळलेला बरा. झाडावरील डागांची बुरशी नेमकी कोणती, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ती पिकावर पडणारी निघाली, तर नुकसान स्वतःच्याच शेतात होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकन भुंगे सूर्यफुलावर दिसल्याने कर्नाटकात मोठी खळबळ उडाली होती. सूर्यफुलाच्या पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागकणांमुळे भुंगे तिकडे वळतात, ते सूर्यफुलाची कीड नाहीत, असा निष्कर्ष तपासाअंती निघाला. परदेशी शत्रू सोडण्यापूर्वी यजमान वनस्पतींच्या चाचण्या इतक्या काटेकोर का असतात, हे अशा प्रसंगांतून कळते.

तोवर हाती काय?

बुरशीचा मार्ग शेतापर्यंत पोहोचेपर्यंत गाजरगवतावरील खात्रीचे उपाय जुनेच आहेत. पहिल्या पावसानंतर झाड कोवळे असताना व फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. बी धरण्याआधी उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट करता येते. बी धरलेले झाड मात्र खतात जाऊ नये. पडीक जागेत तरोट्याचे बी टाकल्यास तो गाजरगवताला मागे सारतो, असा अनुभव आहे. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यात सहभागी होतात. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे या भागातील शेतकऱ्यांसाठी मार्गदर्शनाचे जवळचे ठिकाण आहे.

बुरशीच्या वापराची पूर्वतयारी म्हणून गावपातळीवर एक काम मात्र विनाखर्च करता येण्यासारखे आहे. पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांच्या नोंदी स्वयंचलित हवामान केंद्रांमधून होतात. पण गवताच्या पानावरचे दव सकाळी किती वाजेपर्यंत टिकते, कोणत्या आठवड्यापासून ते पडू लागते आणि बांधावरच्या गाजरगवतावर तांबूस पुटकुळ्या किंवा करप्याचे डाग कोणत्या महिन्यात दिसतात, हे शेतकऱ्यालाच पाहता येते. अशी दोन-तीन हंगामांची नोंदवही कोणत्याही संशोधकाला उपयोगी पडेल. कोणती बुरशी कोणत्या महिन्यात सोडायची, याचा निर्णय अखेर अशाच स्थानिक माहितीवर घ्यावा लागतो.

पिकावरचा रोग येऊ नये म्हणून ढगाळ हवा आणि धुवारी पाहून चिंता करणारा शेतकरी हवामान आणि बुरशी यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहे. तेच नाते तणाच्या विरोधात वापरता येईल का, हा आता शास्त्रज्ञांपुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर बेंगळुरू, जबलपूर वा क्वीन्सलँडच्या निष्कर्षांवरून जसेच्या तसे उचलता येणार नाही. साखरखेर्ड्याच्या शिवारातील रात्री आणि तेथील दव यांचा हिशेब मांडूनच ते शोधावे लागेल.